मळीचं इथेनॉल आणि मक्याचं इथेनॉल एक नाही

२०२५ च्या पावसाळ्यापासून आमच्या वाळवा तालुक्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर बसा, दहा मिनिटांत विषय ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर येतोच. एकजण म्हणतो माझ्या गाडीचा ॲव्हरेज पाचनं पडला, इंजिनं खलास करायलेत, सगळा कारखानदारांचा धंदा आहे. दुसरा लगेच उसळतो, ऊस तुझाच जातो ना कारखान्याला, बिल कुठनं येतंय तुझं, इथेनॉलला नावं ठेवतोस म्हणजे आपल्याच बापाच्या ताटात माती कालवतोस. मग आवाज चढतात, चहा गार होतो, आणि दोघंही जसे आले तसेच उठून जातात. टीव्हीवर, सभेत, सगळीकडं हेच चाललंय. एका बाजूला गाडीवाला, दुसऱ्या बाजूला शेतकरी, आणि मधल्या मूळ प्रश्नाला कुणी हात घालत नाही. आमच्यासारख्यांचं काय करायचं? आमची गाडी २०१४ ची आणि ऊस दहा एकर, म्हणजे आम्ही दोन्ही बाजूला बसलेलो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इथेनॉल पेट्रोलमध्ये घालायला माझा विरोध नाही, उलट आपल्या भागानं त्याचा अभिमान बाळगावा असंच ते आहे. पण ते कशापासून केलंय हा पहिला प्रश्न आणि त्यातली कमी पडणारी ताकद कुणाच्या खिशातून भरली जाते हा दुसरा. साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीपासून केलेलं इथेनॉल आणि मका, तांदूळ किंवा सरळ उसाचा रस आंबवून केलेलं इथेनॉल या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच टाकीत जातात, एकाच निळ्या ज्योतीनं जळतात, म्हणून त्यांना एकच नाव देऊन आपण वाद घालतोय आणि म्हणूनच तो वाद कुठं पोचत नाही.

मळी म्हटल्यावर आमच्याकडं निम्म्या लोकांच्या डोळ्यासमोर शेतात टाकायचा प्रेसमड येतो, तो नव्हे. मळी म्हणजे मोलॅसिस, काळं, चिकट, काकवीसारखं दिसणारं पण तोंडात घालवणार नाही असं. रस आटवून साखरेचे दाणे काढत काढत तिसऱ्या खेपेला जे उरतं, ज्यातनं आता साखर काढणं परवडत नाही, ती सी-हेवी मळी. टनाला साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो निघते. तिच्यात पाणी घालून यीस्ट सोडलं की दीड-दोन दिवसांत ते साखर खातं आणि अल्कोहोल अन् कार्बन डायऑक्साईड बाहेर टाकतं, दोन्ही जवळजवळ सारख्याच वजनानं. यीस्टच्या दृष्टीनं अल्कोहोल ही त्याची घाण आहे, आठ-दहा टक्क्यांच्या वर गेली की त्यालाच सोसत नाही. मग ते ऊर्ध्वपातन करून ९५ टक्क्यांपर्यंत नेतात, पुढचं पाणी नुसतं उकळून निघत नाही म्हणून मॉलिक्युलर सिव्हमधनं, म्हणजे पाणी शोषून धरणाऱ्या बारीक छिद्रांच्या चाळणीतनं, घालवून ९९ च्या वर नेतात, तेव्हा ते पेट्रोलमध्ये घालण्यालायक होतं. एक टन उसाच्या सी-हेवी मळीतून दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळतं आणि साखर एक किलोसुद्धा कमी होत नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. साखर थोडी आधीच सोडली तर ती बी-हेवी मळी, तिच्यातनं इथेनॉल जास्त पण साखरेचा उतारा, म्हणजे उसातनं निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, टक्का-दीड टक्क्यानं घसरतो. आणि रस सरळ आंबवला तर टनाला सत्तर लिटरच्या आसपास इथेनॉल, साखर शून्य.

आता इंजिनचं. यात सरकारी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला पाहिजे. इथेनॉल हे काही रॉकेलसारखी भेसळ नाही. त्याचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेट न घेण्याची ताकद, पेट्रोलपेक्षा बराच वर, १०० च्या पुढं, त्यामुळं इंजिन ठोकत नाही. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो म्हणून जळण जास्त पुरं होतं आणि सायलेन्सरमधनं कार्बन मोनॉक्साईड कमी निघतो. ज्यानं पहिलं चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं त्या ओटोनं त्याच्या आधी अल्कोहोलवर प्रयोग केले होते, हेन्री फोर्डनंही अल्कोहोलची बाजू आयुष्यभर घेतली. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि आंबवलेलं इंधन यांची ओळख नवी नाही. जी गाडी ई-२० साठी बांधली, जिचे रबर, सील, पंप त्याला सोसणारे आहेत आणि जिचं ट्यूनिंग त्यासाठी केलंय तिला काहीही होत नाही. इंजिनं फुटणार वगैरे जे बोललं जातं ते सोडून द्या.

पण ई-२० साठी न बांधलेल्या, एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांचं काय, हा प्रश्न सोडून देता येत नाही. माझी गाडी गेल्या ऑगस्टमध्ये सकाळी चालूच होईना. चोक ओढला, पन्नास किका मारल्या, शेवटी ढकलत गावातल्या गॅरेजवर नेली. तिथल्या पोरानं कार्बोरेटर खोलला आणि फ्लोटच्या वाटीत मला बोट घालून बघायला सांगितलं. तळाला ओलसर पांढरा थर, दही विरजल्यासारखा, जेट बुजलेला, आणि रबरी सील फुगून खोबणीत बसत नव्हती. तो म्हणाला, "दादा, गाडी किती दिवस उभी होती?" मी म्हटलं पंधरा-वीस दिवस, पावसात, परड्यात. मग त्यानं एक गोष्ट करून दाखवली जी मी घरी येऊन परत स्वतः केली, तुम्हीही करून बघा. खुणा असलेली काचेची बाटली घ्यायची, ९० मिली पेट्रोल ओतायचं, त्यात १० मिली पाणी, बूच लावून हलवायची आणि ठेवून द्यायची. साधं पेट्रोल असेल तर तळाला दहा मिलीच पाणी राहील. माझ्या बाटलीत तळाचा थर अठ्ठावीसच्या खुणेला टेकला होता. ते अठरा मिली कुठनं आले? पेट्रोलमधलं सगळं इथेनॉल पाण्याच्या मागं खाली उतरलं. टाकीत नेमकं हेच होतं. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, हद्द ओलांडली की पाण्याला घेऊन तळाला बसतं, आणि पेट्रोलचा कॉक तळालाच असतो. आमच्याकडं पाऊस जूनमध्ये चालू होतो तो सप्टेंबरपर्यंत, शिराळ्याला, पाटणला, महाबळेश्वरला तर विचारूच नका. जो रोज गाडी फिरवतो त्याला हे जाणवणार नाही, पण ज्याची गाडी आठवड्याच्या बाजारालाच निघते त्याला जाणवतं आणि खेड्यात अशाच गाड्या जास्त आहेत.

ॲव्हरेजचं तर गणितच आहे, त्यात भांडायला काही नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की एकूण लिटरमागं सहा-सात टक्के कमी झाली. नीती आयोगानं २०२१ च्या आपल्या आराखड्यात स्वतःच लिहून ठेवलंय की जुन्या चारचाकीला सहा ते सात टक्के आणि दुचाकीला तीन ते चार टक्के फटका बसेल, नव्या ई-२० साठी बसवलेल्या गाडीला एक-दोन टक्केच. म्हणजे ॲव्हरेज निम्म्यावर आला म्हणणारा चूक आणि काहीच फरक पडत नाही म्हणणाराही चूक. आता मला सांगा, दुधात पाणी घातलं तर डेअरी फॅट बघून भाव कापते, उसाचा भाव उताऱ्यावर ठरतो, आमच्या मालाचा प्रत्येक पैसा त्यातल्या सत्त्वावर मोजला जातो, मग पेट्रोलमधलं सत्त्व सात टक्के कमी झालं तर लिटरचा भाव तोच कसा? सरकारचं उत्तर आहे आणि ते वजनदार आहे. २०२५ च्या जुलैअखेर इथेनॉलचा सरासरी खरेदी दर लिटरला ७१ रुपये ३२ पैसे पडत होता, रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा जास्त, मग स्वस्त कुठून देणार? ठीक आहे, मान्य. पण मग ते उघड सांगा ना. शेतकऱ्यासाठी आणि परकीय चलनासाठी प्रत्येक लिटरमागं एवढे रुपये आम्ही तुमच्याकडनं घेतोय असं पावतीवर छापा. लोक कुरकुर करतील पण समजून घेतील. टाकीत लपवून घेतलेला कर मात्र लोकांना फसवणूक वाटतो आणि मग ते खरंखोटं सगळंच मानायला तयार होतात.

नवी गोष्ट आली की लोक घाबरतातच, त्यांचं ऐकत बसलं तर प्रगती होणार नाही, असंही एक म्हणणं आहे आणि आपल्या जिल्ह्यात त्याला मोठा दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना, लोखंडानं जमीन विषारी होते असा समज होता, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. आज किर्लोस्करवाडीच्या स्टेशनावर उतरणाऱ्याला ते खरंही वाटणार नाही. पण लाकडी नांगरावर बंदी नव्हती हे आपण विसरतो. ज्याला हवा त्यानं लोखंडी घेतला, शेजाऱ्यानं त्याची नांगरट बघितली, मग त्यानं घेतला. लोकांनी तो रानात वापरून पारखला. ई-२० च्या बाबतीत शेजाऱ्याचं बघून ठरवायची सोय कुठं आहे? पंपावर नळी एकच. काही मोठ्या शहरांत इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, पण त्याचा भाव दीडशेच्या वर, तो पर्याय खेड्यातल्या माणसाचा नव्हेच. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं याविरुद्धची याचिका फेटाळली, म्हणजे कायद्याचा प्रश्न मिटला. धोरण शहाणपणाचं आहे का हा प्रश्न त्यानं मिटत नाही.

आणि इतिहास बघायचा तर आपल्या घरातलाच आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर आलं तेव्हा या देशात मोटारी कोळशाच्या गॅसवर पळाल्या आणि मळीपासून 'पॉवर अल्कोहोल' करून ते पेट्रोलमध्ये घातलं गेलं. १९४८ साली त्यासाठी केंद्राचा कायदासुद्धा झाला. पुढं तेल स्वस्तात मिळत राहिलं, कायदा कागदावर राहिला आणि २००० साली तो रद्दच केला. लगेच पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, सरकारनं परत पाच टक्के इथेनॉल घालून बघायचे तीन पथदर्शी प्रकल्प सुरू केले, एक उत्तर प्रदेशात बरेलीला, एक मनमाडला आणि एक आपल्या मिरजेला. किती जणांना हे माहीत आहे? देशातल्या आजच्या सगळ्या इथेनॉल कार्यक्रमाची सुरुवात ज्या तीन ठिकाणी झाली त्यातलं एक ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा कुणाची गाडी बंद पडल्याची बोंब झाली नव्हती, कारण प्रमाण पाच टक्के होतं आणि माल मळीचा होता. २०१३-१४ ला देशाचं मिश्रण दीड टक्क्यावर होतं, जून २०२२ ला दहा झालं, आणि वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं ते पाच वर्षं अलीकडं ओढलं. ही पाच वर्षं जर तशीच ठेवली असती तर २०१५-२० मधल्या निम्म्या गाड्या आपोआप बदलल्या असत्या आणि आजचा निम्मा वाद झालाच नसता. घाई करण्यात नेमकं कुणाचं भलं झालं?

आता त्या दहा-अकरा लिटरच्या आकड्याकडं या. देशातले कारखाने वर्षाला साधारण तीस-तेहतीस कोटी टन ऊस गाळतात. सगळ्याच कारखान्यांनी साखर पुरी काढून फक्त सी-हेवी मळी आंबवली तर इथेनॉल होईल ३०० ते ३५० कोटी लिटर. नीती आयोगाच्याच हिशोबानं वीस टक्के मिश्रणाला लागतात हजार कोटी लिटरच्या वर. म्हणजे खऱ्याखुऱ्या उपपदार्थातून, ज्यासाठी कुणाच्या तोंडचा घास जात नाही, देशाचं सहा-सात टक्के पेट्रोल भागतं, आणि त्यातलाही काही वाटा दारू आणि केमिकलवाले नेणार. सातच्या वर वीसपर्यंत जे काही आहे ते एक तर साखर सोडून किंवा धान्य आंबवून भरायचं. हे एवढं साधं गणित या वादात कुणी मांडत नाही. कारखान्याच्या सभेत टाळ्या पडतात त्या 'टाकाऊपासून टिकाऊ' या वाक्याला, आणि ते वाक्य सात टक्क्यांपर्यंत शंभर टक्के खरं आहे. त्याच्या पुढं ते लागू होत नाही. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात धान्याचा उल्लेख सुरू झाला तो खराब झालेल्या, माणसाच्या खाण्यालायक न राहिलेल्या धान्यापासून. आज देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचं आहे, आणि एवढं धान्य खराब होत नाही हे कुणालाही कळेल.

भावाची उतरंड बघितली की दिशा आणखी स्पष्ट होते. २०२४-२५ च्या हंगामाला सी-हेवीच्या इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे, बी-हेवीला ६०.७३, रसाला ६५.६१ आणि मक्याला ७१.८६. म्हणजे जी वस्तू खरंच उरलेली आहे तिला सगळ्यात कमी आणि जी कोंबडीच्या, जनावराच्या, माणसाच्या पोटात जाऊ शकते तिला सगळ्यात जास्त. यामागं कारण आहे, कच्च्या मालाचा खर्च धरून हे दर ठरतात, तो युक्तिवाद मला समजतो. पण मका महाग का झाला हेही विचारायला नको का? जो देश मका बाहेर पाठवायचा तो २०२४ मध्ये म्यानमार, युक्रेनकडून आयात करायला लागला. आमच्या भागात पोल्ट्रीची शेड घातलेली किती पोरं आहेत, त्यांच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा खाद्याचा आणि खाद्यात निम्म्याच्या आसपास मका. इथेनॉलनं तेलाची आयात वाचली हे जितकं खरं तितकंच मक्याची आयात सुरू झाली हेही खरं. मका पिकवणाऱ्याला चांगला भाव मिळाला तर मला आनंदच आहे, त्याला तो मिळालाच पाहिजे. पण तोच भाव अंड्याच्या आणि चिकनच्या दरात गरिबाच्या घरी येतो, आणि त्याचा हिशोब इथेनॉलच्या खात्यात कुणी धरत नाही.

पाण्याचं तर आपण सांगली-साताऱ्याच्या लोकांनी बोललंच पाहिजे. नीती आयोगाचा आकडा आहे, उसाचं एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेच्या स्टेशनातून रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्या खेपेला साधारण पाच लाख लिटर. सगळा देश ती गाडी बघत होता. त्या पाच लाख लिटर पाण्यात किती इथेनॉल होतं? पावणेदोनशे लिटरसुद्धा नाही. कुणी म्हणेल ही तुलना बरोबर नाही, त्या २,८६० मध्ये पावसाचं पाणीही आलं, शिवाय ऊस साखरेसाठी लावलाच होता. बरोबर आहे, आणि मी तेच म्हणतोय! मळीचं इथेनॉल असेल तर पाणी साखरेच्या खात्यावर गेलं, इथेनॉलला नवीन थेंब लागला नाही. पण इथेनॉलसाठीच ऊस लावायला लागलो, टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी जत-आटपाडीला पोचलं म्हणून तिथंही डाळिंब काढून ऊस उभा राहिला, तर ते प्रत्येक लिटर पाणी पेट्रोलच्या टाकीत गेलं असंच धरावं लागेल. पंप चालवायची वीज वेगळीच.

शेतकऱ्याचा मुद्दा मी शेवटी ठेवलाय कारण तो सगळ्यात जड आहे आणि तो माझ्या घरचा आहे. आमच्या आण्णांनी ती वर्षं बघितलीत जेव्हा कारखान्याच्या गोडाऊनमध्ये साखरेची थप्पी छताला लागायची, बाजारात दर नसायचा, बँक तारणावर उचल द्यायची नाही, आणि चौदा दिवसांत द्यायची कायद्याची रक्कम सहा-सहा महिने यायची नाही. त्या काळात आमच्या बहिणीच्या लग्नाची तारीख उसाच्या बिलावर दोनदा पुढं गेली. इथेनॉलमुळं हे बदललं. ऑइल कंपन्यांचे पैसे काही आठवड्यांत जमा होतात, जादा साखर बाजारात येत नाही, दर सावरतो, आणि पहिली उचल वेळेवर पडते. आण्णा मला म्हणाले, "तुझ्या गाडीचा सील दोनशे रुपयांचा, माझं बिल दोन लाखांचं, तू कुणाची बाजू घेतोस?" या प्रश्नाला झटपट उत्तर माझ्याकडं नव्हतं. त्यांचं म्हणणं खोडून काढायचं नाहीच, फक्त एक आठवण करून द्यायची आहे. २०२३ च्या पावसाळ्यात पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, आणि ७ डिसेंबरच्या एका आदेशानं रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. हंगाम ऐन भरात होता. कारखान्यांनी व्याज सवलतीच्या योजनेत कोट्यवधींची कर्जं काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या होत्या, ऑर्डरी घेतल्या होत्या. आठवड्याभरात थोडी सूट दिली, पण ती १७ लाख टन साखरेच्या मर्यादेतच. ते कर्ज कुणाच्या उसातून फिटणार? सभासदाच्याच. आणि या सगळ्यात सी-हेवी मळीचं इथेनॉल कुणीही थांबवलं नव्हतं, कारण ते थांबवायचं कारणच नव्हतं. जे अन्नाशी भांडत नाही ते दुष्काळातही चालू राहतं. शेतकऱ्याला जर भरवशाचं उत्पन्न हवं असेल तर भरवसा कशात आहे हे त्या डिसेंबरनंच दाखवून दिलंय.

ब्राझीलचं उदाहरण सगळे देतात, ते अर्धवट देतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये त्यांनी कार्यक्रम सुरू केला, १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट रस्त्यावर आणली, आणि १९८५ च्या आसपास विकल्या जाणाऱ्या दहा नव्या गाड्यांतल्या नऊ अल्कोहोलच्या होत्या. इथपर्यंत सगळे सांगतात. मग १९८९ मध्ये साखरेचा दर चढला, कारखाने साखरेकडं वळले, पंप कोरडे पडले, लोक रांगा लावून थकले आणि अल्कोहोलच्या गाडीवरचा विश्वास उडाला तो पुढची दहा-पंधरा वर्षं परत आला नाही. तो परत आला २००३ नंतर, फ्लेक्स-फ्युएल गाडी आली तेव्हा, जिच्यात काहीही मिश्रण चालतं. आज तिथला माणूस पंपावर दोन भाव बघतो, अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर अल्कोहोल भरतो, नसेल तर दुसरं. ऊर्जा कमी आहे हे तिथं कुणी लपवत नाही, टॅक्सीवाल्यालासुद्धा सत्तरचा नियम पाठ असतो. ऑगस्ट २०२५ पासून त्यांचं साधं पेट्रोलही तीस टक्के इथेनॉलचं झालं आणि दंगा झाला नाही, कारण गाड्या आधी बदलल्या होत्या. शिवाय त्यांचा ऊस बहुतांश पावसावर येतो. आपण त्यांचा आकडा उचलला, पंपावरचे दोन भाव उचलले नाहीत.

मग करायचं काय? माझ्या मते सी-हेवीच्या इथेनॉलला रसाच्या इथेनॉलएवढा किंवा थोडा जास्त भाव द्यावा, म्हणजे कारखान्याला साखर पुरी काढून मग आंबवणं परवडेल. जादा साखरेच्या वर्षी बी-हेवी आणि रस जरूर वापरावा, तो फुगवटा काढायचा झडप म्हणून चांगला आहे, पण त्याच्यावर कायमचं टक्क्याचं उद्दिष्ट बांधू नये. जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांची एक नळी निदान दहा वर्षं पंपावर ठेवावी. पानिपतला २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प उभा राहिला, पाचट जाळून टाकणाऱ्या आपल्या भागाला तो रस्ता जास्त जवळचा आहे. आणि डिस्टिलरीतल्या स्पेंटवॉशकडं, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याकडं, इंधन म्हणून बघावं. एक लिटर अल्कोहोलमागं आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो, तपकिरी, कढत, ओढ्यात सुटला तर मासा जगत नाही, आणि कृष्णाकाठच्या माणसाला त्याचा वास सांगावा लागत नाही. पण तोच बंद टाकीत सडवला तर मिथेन देतो. तो शुद्ध करून दाबला की सीएनजीच्या पंपावर चालतो, आता तर सीएनजीवर पळणारी मोटारसायकलही बाजारात आहे. आंबवण्याच्या एकाच कामातून दोन इंधनं मिळतात, दुसरं तर पूर्ण फुकट गेलेल्या पाण्यातनं, आणि त्यासाठी मक्याचं कणीसही लागत नाही. काही कारखाने हा गॅस काढतातही, पण बराचसा स्वतःच्या बॉयलरला जाळतात, गावाच्या पंपापर्यंत तो येत नाही.

हे सगळं टपरीवर बोलून झालंय. आमच्या कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरात असते आणि सभासदाला लेखी प्रश्न आधी देता येतो. अहवालात दरवर्षी एवढे लाख लिटर इथेनॉल झालं असा एकच आकडा छापून येतो. आण्णांच्या सभासद नंबरवर मी अर्ज लिहिलाय, त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि खाली सही केली. अर्जात एवढंच विचारलंय: गेल्या तीन हंगामांत झालेल्या इथेनॉलपैकी किती लिटर सी-हेवीचं, किती बी-हेवीचं आणि किती सरळ रसाचं, आणि प्रत्येकाच्या डिस्टिलरी कर्जाचा हप्ता आमच्या उसाच्या टनाला किती रुपये पडला?